शुक्रवारचा पूर्वपक्ष

भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात. आमच्या घराची मागची भिंत आणि शेजारच्या कारखान्याची भिंत एकच, त्यामुळे आठवड्याचे सहा दिवस आम्ही पती-पत्नी चढ्या आवाजात बोलत असू, आणि शुक्रवारी तोच आवाज भांडल्यासारखा वाटून दोघेही गप्प होत असू. हायस्कुलातून निवृत्त झाल्यावर जो काही पाठ मी मनापासून दिला, तो शुक्रवारीच दिला. दोन हजार चार-पाचच्या सुमारास, त्या शांततेत, मी एका ख्रिस्ती मुलीला वाद करायला शिकवले. माझे शिकवणे तिच्यात पूर्णपणे उतरले. तिचे जे नुकसान झाले ते त्यातूनच झाले.

तिची आई परिचारिका होती. माझ्या पत्नीच्या पायाला मधुमेहाची जखम झाली होती आणि ती काही केल्या भरत नव्हती. दवाखान्यातली ड्युटी संपली की टेमघरला आपल्या घरी जाण्यापूर्वी ही बाई एक दिवसाआड आमच्याकडे येई आणि पट्टी बदलून देई. मूळची नगरकडची, तीन पिढ्यांची ख्रिस्ती. पत्नीचा पाय मांडीवर घेऊन जुनी पट्टी सोडवताना ती हलक्या आवाजात एक गीत गुणगुणत असे. शब्द मराठीच होते, चाल ओवीच्या जवळची. पत्नीला ते इतके सवयीचे झाले होते की औषध झोंबण्याची वेळ गीताच्या कोणत्या ओळीला येते हे तिला ठाऊक झाले होते, आणि त्या ओळीला ती आधीच डोळे मिटून घेई.

बाईंनी या सेवेबद्दल आमच्याकडून कधी काही घेतले नाही. एकदाच एक गोष्ट मागितली. मुलगी इंग्रजी विषयात एम. फिल. करत होती आणि तिचा प्रबंध अडला होता. तिच्या मार्गदर्शक प्राध्यापिकेचे म्हणणे असे की, लिखाणात भाव आहे पण युक्तिवाद नाही, पाने वाचताना रविवारच्या प्रवचनाला बसल्यासारखे वाटते.

"सर, तुम्ही शास्त्रार्थ शिकलेले," बाई म्हणाल्या. "तिला जरा वाद घालायला शिकवा. घरात आम्ही दोघीच. वाद घालायला कोणी नाही."

मुलगी पुढच्या शुक्रवारी आली. चोवीस-पंचवीसची, अंगाने किरकोळ, बोलताना खाली पाहणारी. वडप्याच्या एका मोठ्या गोदामात ती माल आल्या-गेल्याची चलाने लिहीत असे. दुपारच्या सुट्टीत पोत्यांच्या थप्पीआड बसून कविता वाचते हे तिथल्या हमालांनी पाहिले होते, आणि ट्रक उभा राहिला की कोणीतरी हटकून विचारी, "मॅडम, चलान पे भी पोएम लिखोगी क्या?" हे तिनेच हसत सांगितले. पुढे नगर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात इंग्रजीची जागा निघायची होती. एम. फिल. झाले तर ती जागा मिळण्याची आशा, नाहीतर गोदाम होतेच. परंतु तिला नुसती पदवी नको होती. सतराव्या शतकातील इंग्रजी भक्तिकविता हा तिचा विषय होता आणि त्या कवितेचे ख्रिस्ती वाचन हा तिचा आग्रह. ती म्हणाली, "सर, हे कवी ज्या देवाशी बोलतात त्याच्याशी मी रोज बोलते. ते बाजूला ठेवून वाचायचं तर मी वाचू कशाला? मला जशी वाचता येते तशी वाचूनच पास व्हायचंय."

मला ते आवडले. माझ्या पाठशाळेतल्या गुरूंनाही आवडले असते. श्रद्धेवाचून शास्त्र म्हणजे धान्यावाचून जाते, असे मी तिला म्हणालो. ती प्रसन्न झाली, आणि तिने पिशवीतून चेन लावलेल्या आवरणातले आपले पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, काढून पुढे ठेवले.

मी म्हणालो, "वादाला बसताना साक्षीदार बरोबर आणायचा नसतो. तो बाहेर ठेव."

तिने उठून ते पुस्तक ओटीच्या खिडकीत, गजांच्या आत ठेवले. त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष, दर शुक्रवारी, ती आल्यावर आधी तिथे जाई, पुस्तक ठेवी आणि मग बसे. मी जिथे बसत असे तिथून माझे देवघर तीन हातांवर होते. समईही तेवत असे. माझा साक्षीदार माझ्या पाठीशी बसलेला होता हे त्या काळात माझ्या एकदाही लक्षात आले नाही.

आमच्या परंपरेत कोणताही सिद्धांत मांडण्यापूर्वी त्याच्या विरुद्ध बाजू मांडावी लागते. तो पूर्वपक्ष. मग त्याचे उत्तर, आणि अखेरीस सिद्धांत. यात एक नियम मला लहानपणी छडी खाऊन शिकावा लागला होता, तो असा की, पूर्वपक्ष कधीही दुर्बळ मांडू नये. प्रतिपक्षी स्वतः मांडेल त्याहून तो बळकट मांडावा. आणि मांडताना "असे काही जण म्हणतात" ही पळवाट घेऊ नये. तो आपलाच पक्ष असल्यासारखा बोलावा, आवाजात, चेहऱ्यात, बसण्यात कुठेही आपली खरी बाजू डोकावू देऊ नये. ऐकणाऱ्याला वाटले पाहिजे की हा माणूस फिरला. तेवढे झाल्यावरच उत्तराला आरंभ करण्याचा अधिकार येतो. आणि ज्याने पूर्वपक्ष ऐकला त्याला उत्तर ऐकावेच लागते, मध्ये उठता येत नाही.

ही शिस्त मी तिला लावली. तिच्या विषयाविरुद्ध जे जे म्हणता येईल ते आम्ही काढले. कविता ही शब्दांची रचना आहे. तिथला देव हा रचनेचा एक भाग आहे. विश्वासू वाचक कवितेत शिरतो तेव्हा कवितेऐवजी स्वतःच्याच प्रार्थना ऐकतो. ती हे म्हणू लागे आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला तिचा आवाज मऊ पडे.

"परत," मी म्हणे.

ती परत आरंभ करी.

"अजून तुझा देव मध्ये येतो आहे. परत."

एकाच वाक्यावर मी तिला सात-आठ वेळा मागे आणल्याचे आठवते. मला राग येत नसे. माझा आवाज कधी चढला नाही. संथपणे, एकेका शब्दाचा उच्चार तपासावा तसे मी तिच्या चेहऱ्यातले, हातातले, श्वासातले विश्वासाचे अंश वेचून काढीत होतो, आणि यात मला पाठाच्या शुद्धतेचे समाधान मिळत होते. आतल्या खोलीत पाय लांब करून पडलेली माझी पत्नी एकदा चहा सांगायच्या निमित्ताने म्हणाली, "पोरीला सारखी नरकात पाठवता आणि अर्ध्या वाटेवरून परत बोलावता. एकदाचं पोहोचू तरी द्या." मुलगी हसली. मीही हसलो.

एकदा मी तिला सांगितले की, तिचे दाखले पुस्तकातले आहेत, म्हणून पूर्वपक्षाला रक्त चढत नाही. दाखला घरचा हवा. मग तिने वडिलांचे सांगितले. ट्रान्सपोर्टच्या कचेरीत कारकून होते, मूत्रपिंडाच्या आजाराने गेले, तेव्हा ही बारा वर्षांची. शेवटच्या आठवड्यात आई त्यांच्या उशाशी बसून तेच गीत म्हणत असे, जे ती माझ्या पत्नीच्या पायापाशी गुणगुणत होती. वडील गेल्यावरही आई गीत पुरे होईपर्यंत थांबली नाही. मुलीला तो प्रसंग देवाच्या अस्तित्वाचा पुरावा वाटत आला होता. त्या उशापासूनच आपण कविता वाचायला शिकलो, असे ती म्हणाली.

मी म्हणालो, "हाच घे. उलटा करून घे."

तिला समजले नाही. मी समजावून दिले. ज्याला हे मान्य नाही तो काय म्हणेल? तो म्हणेल, ती बाई गात होती कारण ती गायला शिकलेली होती. हात पट्टी बांधतात तसा गळा गातो. ज्याला उद्देशून ते गीत होते तो तिथे नव्हता, आणि ज्याच्यासाठी होते तो ऐकत नव्हता. ती नुसती सवय होती. तुम्ही सवयीला श्रद्धा म्हणता आणि मग तीच सवय यमकात बांधलेली दिसली की तिला दर्शन म्हणता.

"हे मी आईबद्दल म्हणू?"

"तू म्हणत नाहीस. पूर्वपक्ष म्हणतो."

"पण ‘असं काही जण म्हणतात’ असं म्हणायचं नाही."

"नाही."

त्या शुक्रवारी तिला ते जमले नाही. पुढच्याही नाही. तिसऱ्या शुक्रवारी तिने ते सबंध म्हटले, इंग्रजीत आणि मग मराठीत, आणि कुठेही आवाज हलला नाही. मी तिला शाबासकी दिली. तिने विचारले, "सर, तुमच्या देवाचा पूर्वपक्ष तुम्ही असा कधी केलाय?" मी सांगितले, माझ्या गुरूंनी करवून घेतला होता. हे खरे नव्हते. गुरूंनी आमच्याकडून द्वैतवाद्यांचा, मीमांसकांचा, नैयायिकांचा पूर्वपक्ष करवून घेतला होता. माझ्या आईने ज्या मूर्तीपुढे रोज फूल ठेवले तिच्याविरुद्ध एक वाक्यही कोणी मला कधी म्हणायला लावले नव्हते, आणि लावले असते तर मी पाठशाळा सोडली असती.

तोंडी परीक्षा ठाण्यापलीकडच्या एका महाविद्यालयात होती. ती खुली असते. कोणीही जाऊन बसावे. आम्ही तिघे एस. टी.ने गेलो: मी, मुलगी आणि तिची आई. आई रात्रपाळी करून थेट निघालेली, पण इस्त्रीची साडी नेसून आलेली. वाटेत तिने मला दोनदा विचारले की परीक्षक कसे असतात. मी म्हणालो, पूर्वपक्ष पक्का असला की परीक्षकाला विचारायला काही उरत नाही. हे वाक्य मी फुशारकीने म्हटले होते, आणि ते शब्दशः खरे झाले.

बाहेरून आलेले परीक्षक वयस्क, नीटनेटके, हसतमुख गृहस्थ होते. त्यांनी प्रबंध चाळला आणि इंग्रजीत सौम्यपणे विचारले की, श्रद्धेने वाचणाऱ्याचा निष्कर्ष वाचण्यापूर्वीच ठरलेला नसतो का? मुलीने माझ्याकडे पाहिले नाही. ती ताठ बसली आणि शुक्रवारी बसत असे तशी सुरू झाली. असे काही जण म्हणतात, हे ती म्हणाली नाही. ती म्हणाली, होय, ठरलेला असतो. मग एकामागून एक, न अडखळता, स्वच्छ इंग्रजीत तिने स्वतःच्या दोन वर्षांच्या कामाची एकेक वीट काढली. वडिलांच्या उशाशी आली तेव्हाही ती थांबली नाही. माझी आई गात होती, ती म्हणाली, आणि ती नुसती सवय होती.

आई माझ्या शेजारच्या खुर्चीत होती. दवाखान्यातले इंग्रजी तिला येत होते, आणि हे इंग्रजी अवघड नव्हते. मांडीवरच्या पर्सचा पट्टा तिने एकदा नीट केला.

मुलीने श्वास घेतला. आता उत्तरपक्ष यायचा होता. मला तो माहीत नव्हता. तेवढा भाग तू एकटीने कर, तो तुझा आहे, असे मी तिला सांगितले होते. ती तो घरी लिहीत असे आणि मला ऐकवायला उत्सुक असे, परंतु शुक्रवारचा वेळ पूर्वपक्षातच संपून जाई.

परीक्षकांनी हात वर केला. "धन्यवाद. तुम्ही माझं काम वाचवलंत." मागच्या बाकांवर हसू उमटले. "म्हणजे हे सगळं तुम्हाला माहीत होतं, आणि तरीही हा प्रबंध लिहिलात?"

ती म्हणाली, "सर, हा पहिलाच भाग झाला. मी आता उत्तर देणार आहे."

"दुसरा भाग मी वाचलाय," ते प्रबंधावर बोट ठेवून म्हणाले. "तुमचा पहिला भाग फार चांगला आहे."

पुन्हा हसू. मार्गदर्शक प्राध्यापिका खाली पाहत होत्या. नियमाप्रमाणे अध्यक्षांनी श्रोत्यांना विचारले की, कोणाला काही विचारायचे किंवा सांगायचे आहे काय. खोलीत एकच माणूस होता, जो उभा राहून सांगू शकला असता की ही एक पद्धत आहे, ही मुलगी ती पद्धत पाळते आहे, तिचे स्वतःचे बोलणे अजून सुरूच झालेले नाही. मी बसून राहिलो. इंग्रजीत बोलण्याचा संकोच वाटला, असे मी पुढे पत्नीला सांगितले. खरे ते इथे लिहितो. माझा पूर्वपक्ष भरल्या सभेत अजिंक्य ठरला होता, आणि मी तो क्षण उपभोगीत होतो. मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी तिला मान हलवून दाद दिली.

प्रबंध पुनर्लेखनासाठी परत आला.

दुसऱ्या दिवशी पट्टी बदलण्याची पाळी होती. बाई येणार नाहीत असे मी धरून चाललो होतो. त्या वेळेवर आल्या. पत्नीने विचारले, कसे झाले काल? बाई म्हणाल्या, "काकू, पाय वर घ्या." जुनी पट्टी सोडवून, जखम धुऊन, औषध लावून नवी बांधेपर्यंत खोलीत दुसरा आवाज नव्हता. औषध झोंबले तेव्हा पत्नी ओरडली, कारण तिला डोळे कधी मिटायचे हे कळले नाही.

त्या शुक्रवारी मुलगी आली. खिडकीत पुस्तक ठेवले, बसली, आणि म्हणाली की तिला उत्तरपक्ष म्हणायचा आहे. "तिथं नाही ऐकला कोणी. तुम्ही ऐका, सर. मग पुढे काय करायचं ते मी ठरवीन. तुम्हीच म्हणाला होता, ज्यानं पूर्वपक्ष ऐकला त्याला उठता येत नाही."

संध्याकाळ होत आली होती. मी म्हणालो, माझी संध्येची वेळ झाली.

"किती वेळ लागतो संध्येला?"

मी किती वेळ ते सांगितले नाही. हातपाय धुऊन, आसन घालून बसलो आणि एरवी करतो त्याहून सावकाश केली. अर्घ्य दिले, जप केला, जपाची संख्या वाढवली. माझ्या पाठीमागे ती बसून होती हे मला ठाऊक होते. वीज गेली, समईच्या उजेडात मी डोळे मिटून राहिलो. देवापुढे बसून मी एका मुलीला टाळत होतो, आणि या टाळण्याला मी त्या वेळी निष्ठा म्हणत होतो. उठलो तेव्हा ती गेली होती. पत्नी आतून म्हणाली, "तासभर बसली होती. मी म्हटलं, मला सांग. तर म्हणाली, काकू, तुम्हाला कशाला त्रास."

खिडकीतले पुस्तक तिने नेले होते. शुक्रवारी ती पुन्हा आली नाही.

सुमारे वर्षाने, एका सकाळी, लूमच्या आवाजात आमच्या दारात कोणी उभे असल्याचे मला आधी कळलेच नाही. ती होती. पेढे आणले होते. एम. फिल. झाली, नगरकडची जागाही मिळाली, आठवड्याने निघणार. तिने काळ्या बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा प्रबंध माझ्या हातात दिला. शीर्षकातून ख्रिस्ती हा शब्द गेला होता.

"पहिला भाग त्यांना आवडला होता ना," ती मोठ्याने म्हणाली, कारण लूम चालू होते. "तोच वाढवला. दुसरा काढून टाकला. ह्या वेळी अर्ध्या तासात झालं. हे तुमचंच आहे, सर, तुमच्याकडे ठेवा."

मी विचारले, तो दुसरा भाग कुठे आहे? कधी ऐकव.

तिने कानाला हात लावला, ऐकू येत नाही अशी खूण केली. ऐकू आले होते की नाही, मला सांगता येणार नाही. मग पत्नीच्या पाया पडली, माझ्याही पडली, आणि गेली.

कोश जवळ घेऊन मी तो प्रबंध पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. पाच महिने लागले. मांडणी निर्दोष आहे. कुठेही पळवाट नाही, कुठेही चेहरा दिसत नाही. माझी कित्येक वाक्ये, माझ्या क्रमाने, तिच्या इंग्रजीत आहेत. वडिलांच्या उशाचा दाखला मात्र तिने गाळला आहे. उत्तर नाही. ते काय होते, दीड वर्ष ती काय लिहीत होती, हे आज मला ठाऊक नाही आणि आता कळण्याचा मार्गही नाही. काळी बांधणी घरात कुठे ठेवावी हे सुचेना, म्हणून ती ओटीच्या खिडकीतच राहिली.

मुलगी गेल्यावर तिची आई टेमघरला एकटी राहिली. पत्नीचा पाय भरला नाही. पुढे दोन बोटे काढावी लागली, आणि त्यानंतरही बाई एक दिवसाआड येत राहिल्या. त्यांनी मला कधी एक शब्दाने काही विचारले नाही. मला पाहिले की "सर, बरं आहे ना?" एवढे म्हणून आत जात. एका शुक्रवारी, लूम बंद असताना, मी बाहेर पोथी घेऊन बसलो होतो आणि आतले सगळे ऐकू येत होते. पत्नीने त्यांना विचारले, "बाई, तुमचं ते गाणं हल्ली म्हणत नाही तुम्ही. म्हणा ना. मला त्यानं बरं वाटायचं."

पट्टी फाडल्याचा आवाज आला.

"सवयच होती ती, काकू," बाई म्हणाल्या. "सुटली."